लाल बटणाची वीस सेकंदं

"मन्या गेला," असं नवनाथ फोनवर म्हणाला आणि मला आधी रागच आला. दुःख नंतर आलं, बीडच्या स्टँडवर पाटोद्याची गाडी शोधताना; पण पहिला आला तो राग. कारण आम्हा तिघांत 'गेला' हा शब्द वापरायला मनाई होती. ती मनाई मन्यानंच घातलेली, आणि इतकी वर्षं नवनाथ ती माझ्यापेक्षा इमानानं पाळत आला होता. मी माजलगावच्या शाळेत सहामाहीचे इंग्रजीचे पेपर तपासत बसलो होतो. "गेला म्हणजे कुठं गेला?" मी चिडून विचारलं. शेजारच्या बाईंनी मान वर करून पाहिलं.  नवनाथ म्हणाला, "सुध्या... दुकानात, खुर्चीवरच. गिऱ्हाइकाला कोयते दाखवायलता. पाणी मागितलं, अन् पाणी आणूस्तोवर..." पुढचं त्यानं पुरं केलं नाही आणि मीही करायला लावलं नाही.

मन्या म्हणजे पाटोद्याचा मन्मथ शेटे. कपिलधारला, त्याच नावाच्या स्वामींच्या समाधीला नवस बोलून झालेला, म्हणून मन्मथ. ऊसतोडीला निघणाऱ्या माणसांना कोयते, ताडपत्र्या, पाण्याचे ड्रम आणि बॅटऱ्या विकणारा दुकानदार. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि तोंडात एका इंग्रज ब्लूज-रॉक बँडमध्ये कोण कुणाच्या जागी आला त्याची अखंड चर्चा. हो, हेच. 'ओल्ड फेरी' नावाच्या त्या बँडच्या गिटारवाल्यांवरून आम्ही दोघं पस्तीसएक वर्षं भांडलो. गावातले लोक हसायचे. हसू देत. तेच लोक क्रिकेटच्या संघनिवडीवरून एकमेकांची गचांडी धरायचे, तेव्हा आम्ही हसायचो.

आज त्याला जाऊन दीड महिना झाला... बघा, मीही तोच शब्द वापरला. मला लेख नीट क्रमानं लिहायचा होता, पण जमत नाहीये. तेव्हा मूळ दुखणं आधीच सांगून टाकतो. त्याच्या मृत्यूच्या पाच आठवडे आधी मी मन्याला आमच्या सर्वात जुन्या वादात हरवलं.  त्यानंतर आमची भेट झाली नाही. तो माझ्यावर रुसून मेला का, एवढा एकच प्रश्न घेऊन मी सुरुवातीचे कित्येक दिवस घरात, शाळेत, धरणाच्या भिंतीवर नुसता येरझाऱ्या घालत होतो.

सुरुवात रद्दीतून झाली होती. आम्ही अकरावीत होतो. मन्याच्या वडिलांच्या दुकानात खिळे, चुका बांधून द्यायला बीडहून किलोवर रद्दी यायची. एके दिवशी त्यात एका इंग्रजी मासिकाचं गुळगुळीत पान निघालं आणि मन्यानं ते, सवयीनं, अर्धं फाडून त्यात पावशेर खिळे बांधून देऊन टाकले. गिऱ्हाईक पायऱ्या उतरल्यावर उरलेल्या अर्ध्याकडे त्याची नजर गेली. त्यावर चौकटी होत्या, बाण होते, लांब केसांचे चेहरे होते. आमच्या वर्गात इंग्रजी मला जरा बरं यायचं, म्हणून मला बोलावणं आलं. मी वाचून सांगितलं, की हा विलायतेतला एक बँड आहे आणि ही त्याची वंशावळ आहे. कोण आला, कोण सोडून निघाला, त्याच्या जागी कोण. बास वाजवणारा एकटाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकलेला. गिटारवाला टेरी तिसऱ्या रेकॉर्डनंतर बाहेर पडला आणि त्याच्या जागी ग्रॅहम नावाचा, नीट भांग पाडलेला माणूस आला. खाली मजकूर होता, त्याचं शेवटचं वाक्य असं: 'टेरी तालमीतून उठून बाहेर गेला आणि'... तिथं पान फाटलेलं.

ते खिळे कुणी नेले हे मन्यानं शोधून काढलं. तीन कोसांवरच्या वस्तीवर सायकल मारत गेला. कागदानं त्याच दिवशी चूल पेटवली होती. "चहा झाला त्याच्यावर," मन्या परत येऊन म्हणाला, "टेरीचं पुढं काय झालं ते तिथली म्हातारी पिऊन बसली बे." एक सूर ऐकण्याआधी त्या बँडची सगळी भांडणं आम्हाला पाठ झाली होती, आणि आमचे पक्षही ठरले होते. मन्या टेरीचा, मी ग्रॅहमचा. मी ग्रॅहमचा का, तर मन्या टेरीचा होता म्हणून. त्या वयात याहून मोठं कारण लागत नाही.

तिसरा नवनाथ. त्याचे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर जायचे आणि नवनाथही शाळा सोडून त्यांच्यामागे. दुकानाच्या वरच्या खोलीत आमच्या तिघांच्या तीन गोणपाटाच्या घड्या असायच्या बसायला. नवनाथ कारखान्यावर असला की त्याची घडी तशीच राहायची. तिच्यावर पाय पडला तरी मन्या ओरडायचा. एकदा मी वादाच्या भरात म्हणालो, की टेरी गेला आणि बँडचं भलं झालं. मन्या उसळला. "गेला कावून म्हणायलास? नवनाथ कारखान्यावर जातोय, तवा आपण म्हणतोय का, नवनाथ गेला म्हणून? सीझनला गेलाय म्हणतोय. टोळीत माणसं खालीवर व्हायचीच. ह्या साली हा कोयता, पुढल्या साली तो. म्हणून मागला माणूस मेला का? टेरी बी येईल. बाहेर जाऊन चहा पिऊन येईल." त्या दिवसापासून आमच्यात कुणी 'गेला' म्हणायचं नाही असं ठरलं. बासवाल्याला आम्ही टोळीचा मुकादम म्हणायला लागलो, तेही तेव्हापासूनच. नवनाथला या सगळ्याची गंमत वाटायची. पुढं कधीतरी संगीत ऐकून झाल्यावर त्यानं मत दिलं होतं: "मला त्यातला ढोलवाला पटतोय. बाकीचे नुसते गळे काढायलेत."

संगीत आलं बारावीच्या हिवाळ्यात. तेव्हाच्या औरंगाबादेत इंजिनिअरिंगला असलेल्या मन्याच्या चुलतभावानं वसतिगृहातल्या एका केरळी मुलाकडून एक कॅसेट भरून आणली. वर नुसतं 'ओल्ड फेरी'. ना साल, ना नावं. दुसऱ्या बाजूला कुठल्याशा जलशाचं ध्वनिमुद्रण. मन्याच्या वडिलांनी भजनं टेप करायला घेतलेला टेपरेकॉर्डर वरच्या खोलीत होता. त्याचा पट्टा तुटला होता, म्हणून मन्यानं सायकलच्या ट्यूबची बारीक गोल पट्टी कापून बसवलेली. त्यामुळे टेप जरा रेंगाळत चालायचा आणि आमचा 'ओल्ड फेरी' कायम अर्धा सूर खाली वाजायचा. आम्हाला ते कसं कळणार? आम्हाला वाटायचं, हे लोक असेच दमून गातात. दिवसभराच्या कामानंतर गातात म्हणून.

नवनाथ सीझनला होता. दुपारची वेळ, दुकान बंद, आम्ही दोघंच. दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं सुरू झालं आणि मधोमध गिटार आली... तिचं वर्णन करायचा मी आयुष्यभर प्रयत्न केलाय आणि दरवेळी फसलोय. पहिलं मिनिटभर तो माणूस जवळजवळ काही वाजवतच नाही. एक सूर लावतो, थांबतो, जणू कुणी ओ देतंय का ते ऐकतो. गर्दीतून कुणीतरी तीनदा शीळ घालतं. मग मात्र तो जो सुटतो, तो तीन मिनिटं थांबत नाही. मन्या भिंतीला पाठ लावून, मांडी घालून, डोळे मिटून बसला होता. गिटार थांबली, टाळ्या झाल्या, आणि गाणारा म्हणाला, "गिटारवर होता आपला..." नेमकी त्याच वेळी खालून मन्याची आई ओरडली, नळ आलाय म्हणून. आमच्या गावात नळ येणं म्हणजे काय ते सांगायला नको. मन्यानं टेप बंद केला, "आलो गं" म्हणून ओरडला आणि टेप परत सुरू झाला. सुरू झाला खरा, पण आवाज येईना. वीसएक सेकंदांनी कळलं, की प्लेच्या बटणाबरोबर शेजारचं लाल बटणही दाबलं गेलंय आणि टेप वाजत नसून आमच्या खोलीतलंच सगळं भरून घेतोय.

मन्यानं टेप मागे घेतला. "गिटारवर होता आपला..." आणि खट्ट. तिथंच त्यानं टेप थांबवला. त्याचा चेहरा उतरला होता. "तू दाबलंस बे लाल बटण," तो म्हणाला. माझा हात टेपपाशीच होता. मी म्हणालो, नाही रे... पण माझ्या आवाजात जोर नव्हता. केरळी मुलगा गावी निघून गेला होता, मूळ कॅसेट त्याच्याबरोबर. ते नाव आता कुठंच उरलं नव्हतं.

तिथून दुसरा नियम सुरू झाला. गाणं त्या जागी आलं, खट्ट वाजलं, की मन्या बोटानं टेप पुढं पळवायचा. ती वीस सेकंदं कुणी ऐकायची नाहीत. नवनाथनं एकदा हट्ट केला, तेव्हा मन्या म्हणाला, "काय ऐकायचंय त्यात? सुध्याचं पाप?" टेरीच वाजवतोय याबद्दल त्याला तीळभर शंका नव्हती. मी म्हणायचो, ग्रॅहम. पुरावा दोघांकडेही नव्हता, कारण पुरावा त्या वीस सेकंदांखाली पुरलेला आणि पुरणारा मी. वाद रंगात आला आणि मी जिंकायला लागलो, की तो शांतपणे म्हणायचा, "नाव ऐकलं असतं तर कळलं असतं." की मी माघार. हे त्यानं गिऱ्हाइकांना सांगितलं, माझ्या हेडमास्तरांना सांगितलं, माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की पोरगा चांगला आहे, फक्त मशीनजवळ जाऊ देऊ नका. आणि गंमत अशी, की हे इतक्या वेळा ऐकल्यावर माझ्या उजव्या बोटाला त्या बटणाचा स्पर्श खरोखर आठवायला लागला. किंचित खरबरीत, मधे खोलगट. मी शपथेवर सांगितलं असतं, की ते मीच दाबलं.

दिवस पुढं सरकले. मी शिक्षक होऊन माजलगावला आलो, मन्या गल्ल्यावर बसला, नवनाथ टोळीतला कोयता, म्हणजे ऊस तोडणारा गडी, होता तो स्वतः मुकादम झाला. मी महिन्यातून एकदा पाटोद्याला जायचो. बायको म्हणायची, "पाटोद्यालाच बदली मागा, किती चकरा मारता!" वरच्या खोलीत गोणपाटाच्या जागी सतरंजीच्या घड्या आल्या, पण तीनच. मग मोबाइल आले, सगळं जगच खिशात आलं, पण मन्यानं त्या बँडचं काही शोधू दिलं नाही. "आपलं आपल्यापाशी हाय, लई झालं." मला मात्र राहवेना. मी पुसलेलं नाव मीच शोधून आणून त्याच्या हातावर ठेवायचं, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. त्याच्यासाठी, असं मी तेव्हा म्हणत असे. आज विचारलं तर सांगेन, निम्मं माझ्यासाठी.

इंटरनेटवर त्या बँडच्या चाहत्यांची एक बैठक भरते. जगभरचे म्हातारे. आमच्याच सारखे, एकेका ढोलवाल्यावरून एकमेकांच्या सात पिढ्या काढणारे. खरा बँड टेरीपर्यंतच, असं एक म्हणतो. दुसरा त्याला बहिरा म्हणतो. वाचताना मला वरच्या खोलीत बसल्यासारखं वाटायचं. मी तिथं लिहिलं, की असं असं दुसरं गाणं, गिटारच्या आधी कुणीतरी तीन शिट्ट्या घालतं, हा जलसा कुठला? चार महिन्यांनी एका निवृत्त बस कंडक्टरचं उत्तर आलं. त्या शिट्ट्या त्याच्या थोरल्या भावाच्या होत्या. दोघं तिथं होते. त्यानं पूर्ण ध्वनिमुद्रण पाठवलं, आणि शेवटी विचारलं, तुम्हाला एवढं कशाला हवंय? मी लिहिलं, नाव माझ्या हातून पुसलं गेलंय.

मी ते एकट्यानं ऐकलं. "गिटारवर होता आपला ग्रॅहम!" अगदी स्वच्छ. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. लाज वाटते सांगायला, पण वाजवली. मग कंडक्टरला टेरीबद्दलही विचारलं. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: तालमीतून उठून बाहेर गेला आणि दुधाची गाडी चालवायला लागला, परत कधी गिटार धरली नाही.

आम्ही मांजरसुंब्याला भेटलो. दोघांच्या वाटेवर पडतं म्हणून हल्ली तिथल्याच एका धाब्यावर भेटायचो. दुपारचे बारा, बाहेर ट्रकांची रांग, शेव-भाजीची ताटं पुढ्यात. मी जेवण होईपर्यंतही थांबलो नाही. फोन त्याच्या हातात दिला. त्यानं कानाशी धरला आणि लगेच बाजूला केला. "हे ते न्हाई. लई पळायलंय."

"तुझ्या ट्यूबच्या पट्ट्यामुळं आपला हळू वाजतो, मन्या. खरं हे आहे."

तो ऐकत राहिला. शिट्ट्या आल्या, तसे त्याचे डोळे मिटले. भाजी निवत होती. मी त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होतो, आणि ते बघणं चांगलं नव्हतं. वर्गात कॉपी पकडताना मी असा बघतो. मग नाव आलं. त्यानं डोळे उघडले. फोन ताटाशेजारी उपडा ठेवला.

"ग्रॅहम," तो म्हणाला.

"ग्रॅहम."

"मंजे मी इतकी वर्सं ज्याला नावं ठेवली, त्याच्याचपायी डोळे मिटून बसायलतो."

मी हसलो. मला वाटलं, तोही हसेल, मग शिवी देईल, मग वाद पुढं चालू होईल. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि बोटांत धरून ठेवला. मग विचारलं, "टेरी बाहेर जाऊन काय केला, ते सांगितलं का त्या कंडक्टरनं?" मला माहीत होतं. मी म्हणालो, "नाही, त्याला ठाऊक नाही." त्या दुपारी मी केलेली एवढीच एक बरी गोष्ट. निघताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाटोद्याच्या जीपमध्ये बसला. मागे वळून बघायची त्याची सवय होती. त्या दिवशी त्यानं बघितलं नाही.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "सुध्या, कवा येतोस?" मी म्हणालो, काय आहे ते सांग ना. "फोनवर सांगायची गोष्ट न्हाई. समोर ये." मला वाटलं, टेरीच्या बाजूनं काहीतरी नवीन काढलं असणार. गणपती होते, मग घटक चाचण्या होत्या. दुसऱ्यांदा फोन आला, तेव्हा तर मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "हरलास हे मान्य कर, मग येतो." तो हसला. नीट हसला का... की नुसता नाकातून श्वास सोडला? या दीड महिन्यात तो आवाज मी शंभरदा आठवून पाहिला. कधी वाटतं हसलाच, कधी वाटतं नाही. "ये तर खरं," एवढंच म्हणाला. मी पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी असं करत राहिलो. मग नवनाथचा फोन आला.

लिंगायतांत बसवून माती देतात. मी पोचलो तेव्हा त्याला भिंतीशी बसवलं होतं, मांडी घालून, भस्म लावून, डोळे मिटलेले. टेपसमोर अगदी तसाच बसायचा. माझ्या मनात आलं, आता टेप पळवायला बोट पुढं करील. नवनाथनं माझा दंड धरला नसता तर मी तिथं काहीतरी बोलून गेलो असतो. खड्ड्यात उतरवताना लोक मंत्र म्हणत होते आणि माझ्या डोक्यात एकच चालू होतं, की याला शेवटी माझ्याशी काय बोलायचं होतं?

दिवसकार्य झालं त्या दुपारी पाहुणे पांगल्यावर महानंदा वहिनींनी मला जिन्यापाशी थांबवलं. मन्याची बायको, आमची ही थेरं त्यांनी तीस वर्षं चहा देऊन सोसली. "भाऊजी, वर जाऊन बसता का जरा? मी खोली उघडली न्हाई तवापासून." मग पायरीवर टेकून म्हणाल्या, "मांजरसुंब्याहून आले ते सरळ वर. मी म्हणलं हातपाय तरी धुवा. मग एकटेच हसायचा आवाज आला. मी जाऊन बघतेय तर डोळे पुसायलेत. त्यानंतर रोज दुपारी तेच. गाणं बी न्हाई ऐकायचे, तुमचं दोघांचं भांडण ऐकायचे. परत मागं घ्यायचे, परत ऐकायचे. म्हणलं, कशाला आपल्याच भांडणाला कान लावायलाव? तर म्हणाले, सुध्या समोर पाहिजे, मग सांगीन."

"कुठलं भांडण, वहिनी?"

"मला काय मालूम? पोरांचे आवाज हायेत. त्यात आत्याबाई बी हायेत की."

खोलीत तिन्ही घड्या जागेवर होत्या. टेपरेकॉर्डर भिंतीशी, आत तीच कॅसेट. मी माझ्या घडीवर बसलो. प्ले दाबण्याआधी दोनदा पाहून घेतलं की लाल बटणावर काही नाही. ट्यूबचा पट्टा कुरकुरला. मग टाळ्या, आपल्या त्या जुन्या, रेंगाळणाऱ्या टाळ्या, आणि गाणारा: "गिटारवर होता आपला..." खट्ट. माझा हात आपसूक पुढं झाला, पुढं पळवायला. मी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

आधी खालून हंड्याचा आवाज आला. मग एका अठरा वर्षांच्या पोराचा, नुकता फुटलेला आवाज, अगदी टेपजवळ: "तू हात लावू नको बे. मी लावलाय ना."

"आवाज कुठंय मग?" हा मी. किती बारीक आवाज होता माझा.

"येईल की. पट्टा ढिला हाय. गप बस, नाव सांगंल आता."

खालून मन्याची आई, जिला जाऊन वीस वर्षं झाली: "मन्मथा, नळ जायचा रे! सुधाकरला बी घे, दोघं मिळून हंडे उचला!"

"थांब गं आई! आमचं इथं..."  मग हळूच, "सुध्या... हे लाल कसं काय खाली हाय?" आणि खट्ट, आणि पुढचं गाणं मधूनच सुरू.

मी ते सात-आठ वेळा ऐकलं. मी लावलाय ना. त्यानंच लावला होता. मी हात पुढं केला आणि त्यानं तो झिडकारला, आणि तोवर त्याचंच बोट दोन्ही बटणांवर पडलेलं होतं. मग माझ्या बोटाला आठवणारा तो खरबरीत, खोलगट स्पर्श? तो कुणाचा होता? मी उठून उभा राहिलो, खोलीत फेऱ्या मारल्या, आणि मोठ्यानं ओरडलो, "सासऱ्यांना सांगितलंस बे! माझ्या लग्नात!" खालून वहिनींनी विचारलं, काय झालं? काय सांगणार... पस्तीस वर्षांचा वाद मी दोन महिन्यांत दोनदा जिंकलो होतो आणि समोर भांडायला माणूस नव्हता. मी रडलो तो तेव्हा. हसतही होतो. जिन्यात उभं राहून वहिनींनी त्याला पाहिलं, तसंच बहुधा.

म्हणजे तो रुसला नव्हता. त्याला हे सांगायचं होतं, समोर बसवून, माझं तोंड बघत. एक गोष्ट मात्र अजून टोचते. त्याला हे मांजरसुंब्याच्या दुपारीच कळलं, की पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि म्हणूनच तो टेप पुढं पळवायचा? कधी हे खरं वाटतं, कधी ते. त्याला विचारलं असतं तर तो खोटं बोलला असता, आणि मी त्यावर आणखी दहा वर्षं भांडलो असतो.

वहिनी म्हणाल्या, टेप घेऊन जा. मी नेला नाही. माझ्या घरी त्याला कुठली भिंत देऊ? त्याऐवजी दर रविवारी मी पाटोद्याला जातो. दुकान आता त्याची मुलगी बघते, आणि कोयत्याची धार बापाहून बरी ओळखते म्हणतात. नवनाथ टोळी घेऊन सीझनला आहे, चैत्रात येईल. त्याला अजून काही सांगितलेलं नाही, ते समोर बसून सांगायचं आहे. मी वर जातो, माझ्या घडीवर बसतो आणि टेप लावतो. तीन शिट्ट्या होतात, ग्रॅहम वाजवतो, टाळ्या पडतात, "गिटारवर होता आपला", खट्ट. इतक्या वर्षांच्या सवयीनं माझं बोट पुढं पळवायच्या बटणाकडे निघतं. "तू हात लावू नको बे," मन्या म्हणतो. मी हात मागे घेतो.